तुटक वेळातलं चित्र: शिकवत असताना स्वतःचं चित्रकाम कसं चालू ठेवावं

शिकवणाऱ्या चित्रकाराकडे वेळ अगदीच नसतो असं नाही. सलग वेळ नसतो. आठवड्यात पंधरा-वीस तास वर्ग घेणाऱ्याने कागदावर हिशेब मांडला तर रंगवायला दहा-बारा तास निघतात. पण ते निघतात तुकड्यातुकड्यांनी, कधी दोन तास, कधी दीड, आणि बऱ्याचदा दिवसभर दुसऱ्यांची चित्रं तपासून डोळा शिणल्यावर. ओल्यात ओला रंग लावत एका बैठकीत चित्र तडीस न्यायची सवय असेल, तर हे तुकडे फुकट जातात. चित्रकार-शिक्षक हान्स हॉफमन यांनी १९५८ मध्ये शिकवणं थांबवून पूर्ण वेळ रंगवायला घेतलं. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९६६ मध्ये बडोद्याच्या अध्यापनातून बाहेर पडले. हा मार्ग सगळ्यांना मोकळा नसतो. ज्यांना दोन्ही करायचंच आहे त्यांनी चित्रच असं बांधावं, की ते मध्येच सोडता येईल आणि चार दिवसांनी पुन्हा धरता येईल.

वेळेची वाटणी

आधी दोन आठवडे खरी नोंद ठेवा. वर्गाची तयारी, प्रवास, तपासणी, निरोपांना उत्तरं, सगळं अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबात लिहा. मग चित्रकामाचे तीन प्रकार करा. पहिलं निर्णयाचं काम: रचना, उजळ-गडदाची मांडणी, काय ठेवायचं आणि काय पुसायचं. दुसरं हाताचं काम: कॅनव्हास ताणणं, अस्तर देणं, घासणं, रंग मिसळून ठेवणं, ठरलेला सपाट भाग भरणं. तिसरं कागदकाम.

निर्णयाचं काम वर्गाच्या आधी किंवा सुटीच्या दिवशी करावं, आणि त्याला किमान अडीच तास द्यावेत, कारण डोळा चित्रात शिरायलाच पहिली वीस-पंचवीस मिनिटं जातात. वर्गानंतरच्या थकलेल्या तासात हाताचं काम उत्तम होतं. यात होणारी नेहमीची चूक म्हणजे रात्री घरी येऊन निर्णय घ्यायला बसणं. दिवसभर दुसऱ्यांच्या चित्रांत चुका शोधलेल्या असतात, त्यामुळे माणूस स्वतःचं चित्रही ‘तपासायला’ लागतो. कडा साफ करतो, प्रमाणं नीट करतो, सगळं गुळगुळीत करून टाकतो. सकाळी चित्र बरोबर दिसतं, पण त्यातला जीव गेलेला असतो.

रात्रीच्या कामात दिव्याचाही वाटा असतो. पिवळसर दिव्याखाली फिकट पिवळा पांढऱ्यात मिसळून जातो आणि निळे मळकट दिसतात, म्हणून हात पिवळा वाढवत राहतो. ५००० केल्विनच्या आसपासचा आणि रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० च्या वर असलेला दिवा घ्या. कॅनव्हासवर आणि पॅलेटवर प्रकाश एकाच दिव्याचा पडू द्या.

प्रत्येक बैठकीची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. त्यात चित्राचा एक फोटो काढा, तो कृष्णधवल करून पाहा, आणि पुढची एकच कृती चिठ्ठीवर लिहून चौकटीला चिकटवा. ‘पार्श्वभूमी सुधारणे’ असं लिहिलं तर चार दिवसांनी त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘डाव्या खांद्यामागचा भाग एक पायरी गडद, कड मऊ’ असं लिहिलं, तर पुढच्या वेळी ब्रश थेट तिथेच जातो.

आकार, थर आणि सुकण्याचा हिशेब

कॅनव्हासचा आकार इच्छेवरून ठरवू नका, बैठकीवरून ठरवा. एका बैठकीत सगळ्या पृष्ठभागावरून एकदा हात फिरायला हवा. अडीच तासांत बहुतेकांना ६० × ७५ सेंमीपर्यंत हे जमतं. त्याहून मोठं करायचं असेल तर चित्राचे भाग पाडा. ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र रंगवणारे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावत आणि जोड आकाराच्या कडेवर आणत. तीच रीत इथे लागू पडते: जोड मोकळ्या आकाशाच्या मध्यावर येऊ देऊ नका, भिंतीच्या किंवा झाडाच्या कडेवर घ्या.

तैलरंग तुटक वेळाला चांगला मानवतो, पण त्याचं सुकणं समजून घ्यावं लागतं. तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ थर हाताला सुकायला साधारण दोन ते दहा दिवस लागतात, आणि ते रंगद्रव्यावर ठरतं. अंबर हा तपकिरी मातीचा रंग लवकर सुकतो, कारण त्यात मँगनीज असतं. कॅडमियमचे रंग, अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. म्हणून खालच्या थरात अंबर आणि मातीचे रंग वापरावेत, सावकाश सुकणारे वर ठेवावेत.

थर तीनच धरा. पहिला थर रंगात थोडं टर्पेंटाइन घालून, तेल न घालता. दुसरा ट्यूबमधून येतो तसा. तिसऱ्यात जवसाचं तेल किंवा तयार माध्यम, रंगाच्या दहा भागांना एकाच्या आसपास. वर जाताना तेल वाढत जावं, कमी होऊ नये. तेलकट थर हळू सुकतो आणि सुकताना हलतो. त्याच्यावर कमी तेलाचा, लवकर ताठ होणारा थर बसवला तर खालच्या हालचालीने वरचा तडकतो. वर्गाच्या घाईत हे नेमकं उलट होतं, कारण ‘आज पटकन सुकू दे’ म्हणून शेवटच्या थरात टर्पेंटाइन ओतलं जातं. जस्ताच्या पांढऱ्याबाबतही सांभाळा. त्याचा थर काळाने ठिसूळ होतो आणि सुटू शकतो, म्हणून मूळ पांढरा टायटॅनियमच ठेवा.

आठवड्याने परत आलात की गडद भाग मंद, खडूसारखे झालेले दिसतात. तिथलं तेल खालच्या थराने शोषलेलं असतं. अशा भागाकडे पाहून शेजारची छटा ठरवली तर ती चुकणारच. काम सुरू करण्याआधी त्या जागी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, दोन मिनिटांनी स्वच्छ कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्या. रंग मूळ गडदपणाला येतो आणि मग निर्णय बरोबर होतात. जास्त तेल राहिलं तर ते पिवळं पडतं, म्हणून पुसण्यात हयगय नको.

एकाच वेळी तीन चित्रं चालू ठेवा: एक ओलं, एक चिकट, एक सुकलेलं. मग कुठल्याही दिवशी मिळालेल्या दोन तासांत काही ना काही करण्याजोगं असतंच. सुकणारी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवायची सवय मात्र सोडा. अंधारात तेल पिवळं पडतं. उजेडात आणलं की बराच पिवळेपणा उतरतो. वॉर्निश सहा महिने ते वर्षाने द्यावं, थर जाड असेल तर आणखी थांबून.

ॲक्रिलिकमध्ये अडचण वेगळी आहे. ओलं असताना त्याचं माध्यम दुधाळ असतं, सुकल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग सुकताना गडद होतो. कालच्या सुकलेल्या भागाशी आजचा ओला रंग जुळवला तर तो सुकल्यावर एक पायरी गडद पडतो. जलरंगाचं उलट, तो सुकून फिका होतो. दोन्हींवर उपाय एकच. प्रत्येक महत्त्वाच्या मिश्रणाची पट्टी कागदावर ओढून सुकवा, तिच्याखाली रंगांची नावं आणि साधारण प्रमाण लिहा, आणि ती चित्राशेजारी टाचा. पट्टीवर कंपनीने दिलेलं नाव पुरत नाही, ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांकही लिहा. दोन कंपन्यांच्या एकाच नावाच्या ट्यूबमध्ये वेगळी द्रव्यं असू शकतात. अलिझरिन क्रिमसन म्हणून मिळणारा पीआर ८३ उजेडात फिका पडतो. त्याजागी क्विनाक्रिडोन, म्हणजे पीव्ही १९ वर्गातला, टिकतो. चित्रकार-शिक्षक जोसेफ अल्बर्स आपल्या चौरसांच्या मालिकेतल्या चित्रांच्या मागे वापरलेल्या रंगांची नावं आणि त्यांचे उत्पादक लिहून ठेवत. ही मालिका त्यांनी १९५० मध्ये सुरू केली आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवली. त्यातली पहिली आठ वर्षं ते येल विद्यापीठात शिकवत होते. आकार ठरलेला, रचना ठरलेली, प्रश्न फक्त रंगांच्या शेजाराचा. तुटक वेळाला इतकं चोख बसणारं काम दुसरं सापडणं कठीण.

वर्ग असा घ्या की चित्रकार शिल्लक राहील

वर्ग चांगला घेतला तर तो चित्रकाराला देतो. सैल घेतला तर पोखरतो. बारा विद्यार्थी आणि अडीच तास धरू. पहिली दहा मिनिटं ब्रश न उचलता नुसतं पाहणं. वीस मिनिटं प्रात्यक्षिक. ऐंशी मिनिटं काम. दहा मिनिटं विश्रांती. उरलेली तीस मिनिटं सगळी चित्रं भिंतीला लावून चर्चा. कामाच्या ऐंशी मिनिटांत प्रत्येकाकडे दोनदा जायचं तर एका फेरीला माणशी तीन मिनिटं मिळतात. म्हणून पहिल्या फेरीत फक्त मोठी मांडणी बघा, दुसऱ्या फेरीत एकच सुधारणा सांगा. एका वेळी चार सुधारणा ऐकलेला विद्यार्थी एकही करत नाही.

प्रात्यक्षिक पूर्ण करू नका. पुरं झालेलं प्रात्यक्षिक समोर असलं की बारा चित्रं त्याच्यासारखी होतात, आणि शिक्षकालाही टाळीची सवय लागते. एकच गोष्ट दाखवा, समजा सावलीच्या कडेचं मऊ-कठीण होणं, आणि तिथेच थांबा. विद्यार्थ्यांपुढे मांडलेल्या वस्तू प्रात्यक्षिकात घेऊ नका, दुसऱ्या घ्या. आणि विद्यार्थ्याच्या कागदाला हात लावू नका. सुधारणा दाखवायची असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर काढा, किंवा त्याच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेघ ओढा. शिक्षकाने केलेली दुरुस्ती घरी छान दिसते, पण ती कशी झाली हे विद्यार्थ्याच्या हाताला कळलेलं नसतं.

सुरुवातीच्या महिन्यात सर्वांत जास्त उपयोगी पडणारा सराव तीन छटांचा. १० × १५ सेंमीचे चार चौकोन आखायचे, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि फक्त उजळ, मधली, गडद अशा तीन छटा. रेषा नाही, तपशील नाही. डोळे बारीक करून पाहायचं म्हणजे तपशील आपोआप विरघळतात. चूक बहुधा मधल्या छटेत होते. ती पांढऱ्याच्या फार जवळ घेतली जाते आणि चित्र धुवट होतं. तीन छटा पक्क्या झाल्या की पाचवर जा. त्याआधी रंग देऊच नका.

रंग शिकवताना अल्बर्स विद्यार्थ्यांच्या हाती रंगीत कागद देत. मिसळण्याची कटकट नसते, कडा स्वच्छ राहतात आणि तोच रंग नेमका पुन्हा वापरता येतो. सराव असा: २० × २० सेंमीचे वेगवेगळ्या रंगांचे दोन कागद शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या मध्यभागी एकाच कागदातून कापलेले ५ × ५ सेंमीचे दोन तुकडे ठेवा. ते दोन तुकडे वेगळ्या रंगांचे दिसले पाहिजेत. जमत नसेल तर जमिनी, म्हणजे खालचे मोठे कागद, एकमेकींच्या फार जवळच्या घेतल्या आहेत असं समजा. छोटा तुकडा उजळपणात आणि रंगात दोन्ही जमिनींच्या मधोमध बसणारा हवा. अर्धा तास कागद हलवत राहिल्यावर जे कळतं ते तासभर व्याख्यानाने कळत नाही, आणि शिक्षकाच्या स्वतःच्या चित्रालाही त्यातून खाद्य मिळतं.

वर्गाचा आणि स्टुडिओचा रंगसाठा वेगळा ठेवा. वर्गात पाच रंग पुरतात: टायटॅनियम पांढरा, यलो ओकर, एक नारिंगीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरिन आणि बर्न्ट अंबर. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट अंबर मिसळून जिवंत काळा मिळतो, त्यामुळे काळ्या ट्यूबची गरज पडत नाही. स्टुडिओत निदान दोन रंग असे ठेवा जे वर्गात कधीच वापरत नाही. हे फुटकळ वाटेल, पण सतत प्रात्यक्षिकं करणाऱ्याची स्वतःची चित्रंही हळूहळू प्रात्यक्षिकासारखी सुरू होऊ लागतात. हाताला अनोळखी रंग भेटला की ती सवय तुटते. ब्रशही वेगळे असू द्या.

सुरक्षिततेत सूट नको. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती उष्णता बाहेर पडत नाही. चिंध्या मोकळ्या जागी एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. वर्ग संपल्यावर हे काम एका ठरलेल्या माणसाकडेच द्या. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळ पुन्हा वापरता येतं. खिडक्या दोन बाजूंच्या उघडा. ब्रशला टोक काढायला तोंडात घालण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा. कॅडमियमचा सुकलेला थर कोरडा घासू नका. घासायचाच असेल तर पाणी लावून.

नोंदवही

चित्रकार पॉल क्ले यांनी १९११ मध्ये आपल्या कामांची यादी हाताने लिहायला घेतली. तिच्यात लहानपणची निवडक रेखाटनंही घातली, आणि १९२१ ते १९३१ या बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या शिकवण्याच्या काळातही ती चालू ठेवली. हजारो कामांचा क्रम आज लागतो तो त्या यादीमुळे. चित्र संपलं त्याच दिवशी पाच मिनिटं दिली तर हे जमतं. ‘वर्षाअखेरीस एकदम लिहू’ म्हटलं की राहून जातं, आणि तीन वर्षांनी कुठलं चित्र आधीचं हे स्वतःलाही सांगता येत नाही.

क्रमांक वर्ष आणि ओळीतला आकडा असा द्या: २०२५-०१४. त्यापुढे शीर्षक, माध्यम, कशावर रंगवलं आहे ते, उंची × रुंदी सेंमीमध्ये (उंची आधी, चौकट सोडून), अस्तराचा प्रकार, वॉर्निश कोणतं व कधी, सही कुठे, फोटोच्या फाइलचं नाव, आणि चित्र सध्या कुठे आहे. प्रदर्शन झालं किंवा चित्र कुणाकडे गेलं की तारखेसह त्याच ओळीत भर घाला. संगणकावरच्या तक्त्याबरोबर एक कागदी प्रत असावी.

तोच क्रमांक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने लाकडी पट्टीवर लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर दाबाचा उठाव पुढे येतो, आणि मार्करची शाई काळाने कापडातून झिरपू शकते. शिक्षकांसाठी आणखी एक नियम आहे: प्रात्यक्षिकाच्या चित्रांना वेगळी मालिका द्या, ‘प्रा-२०२५-०३’ अशी, आणि त्यांवर नेहमीची सही करू नका. वर्गातली अर्धी चित्रं भेट म्हणून दिली जातात, पुढे हातोहात फिरतात आणि पूर्ण कामांमध्ये मिसळतात. स्टुडिओत राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या चित्रांवरही त्यांचं नाव असलंच पाहिजे.

फोटोसाठी एकाच जातीचे दोन दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा आणि खोलीतले बाकीचे विझवा. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, छिद्र एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. पहिला फोटो करडं कार्ड चित्रासमोर धरून काढा, पांढऱ्याचा तोल त्यावरून लावा. कॅमेरा समांतर आहे का ते पाहायला चित्राच्या मध्यावर एक छोटा आरसा सपाट धरा. आरशात लेन्स बरोबर मधोमध दिसली तर समांतर. फोनने काढायचं असेल तर मागे सरकून दुप्पट मोठेपणावर काढा, नाहीतर कडा फुगतात.

प्रदर्शनाकडे

प्रदर्शनासाठी किती चित्रं हवीत याचा आकडा भिंतीतून काढा. सहा मीटरची भिंत आणि ९० सेंमी रुंदीची चार चित्रं असतील तर चित्रांनी ३६० सेंमी व्यापली. उरलेले २४० सेंमी पाच मोकळ्या जागांत वाटले की प्रत्येकी ४८ सेंमी. पाचवं चित्र घुसवलं तर मोकळी जागा २५ सेंमीवर येते आणि चित्रं एकमेकांना ढकलू लागतात. मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा, वरच्या कडा जुळवायला जाऊ नका.

किंमत उंची आणि रुंदीची बेरीज गुणिले ठरलेला दर अशी लावली तर लहान-मोठ्या चित्रांत मेळ राहतो. क्षेत्रफळाने लावली तर मोठी चित्रं अवाच्या सवा होतात. स्टुडिओत आणि गॅलरीत किंमत एकच हवी. विद्यार्थ्यांना सवलत द्यायची तर कागदावरच्या छोट्या कामांवर द्या.

बांधताना रंगाला थेट बबलरॅप लावू नका, त्याचे गोल ठसे उमटतात. आधी गुळगुळीत ग्लासिन कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. ॲक्रिलिक उबेत मऊ होऊन चिकटतं, म्हणून दोन चित्रं तोंडाला तोंड लावून कधीही ठेवू नका.

कार्यपट, म्हणजे आपल्या कामाची माहितीपत्रिका (सीव्ही), लिहिताना एकल प्रदर्शनं, समूह प्रदर्शनं, अध्यापन, संग्रह असे वेगळे भाग करा. ताजं वर, जुनं खाली, प्रत्येक ओळीत वर्ष, जागा, गाव. विद्यार्थ्यांबरोबरचं वार्षिक प्रदर्शन अध्यापनाखाली जातं, समूह प्रदर्शनात नाही. परिचय १२० ते १५० शब्दांत बसवा आणि पहिल्या दोन वाक्यांत काय रंगवता, कशाने रंगवता हे येऊ द्या. ‘लहानपणापासून आवड’ काढून टाका, तिथे सध्या चालू असलेल्या मालिकेचं नाव आणि सुरुवातीचं वर्ष लिहा. नोंदवहीत प्रदर्शनाची ओळ घातली की त्याच बैठकीत कार्यपटातही घाला, आणि फाइलच्या नावात तारीख बदला, म्हणजे कुणी मागितला की जुना पट चुकून जाणार नाही.